अकोल्याला ठेवलेलं प्रस्थान

आमचे अमरावतीचे घरमालक दर उन्हाळ्यात ओसरीवर समुद्र काढत. चुन्याच्या रेघेने किनारा काढायचा आणि आत कपड्यांची नीळ कालवून भरायची. समुद्राचं नाव भूमध्य. मी चौथी शिकलेली, मला तो शाळेत लागला नव्हता. तो मी त्यांच्या ओसरीवर शिकले, आणि तोही पाय कुठे द्यायचा नाही एवढ्यापुरता. आमचं बिऱ्हाड मागच्या दोन खोल्यांत आणि नळ पुढे. मी पाणी घेऊन निघाले की ते ओरडत, "सूनबाई, ग्रीसवर पाय देऊ नको! काठाकाठानं ये!" भरलेली बादली घेऊन मी आफ्रिकेकडून वळसा घालून घरात शिरायची.

गल्ली त्यांना काकाजी म्हणायची. चांदूर बाजाराकडे त्यांची संत्र्याची बाग होती. खाऊनपिऊन सुखी माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. घर चालवायची त्यांची विधवा थोरली बहीण. काकाजी तिला बाई म्हणत, बाकी सगळे आत्याबाई. आत्याबाई ओसरी शेणाने सारवत, आणि सारवताना खाली समुद्र आहे की जमीन हे बघत बसत नसत. काकाजी बाजारातून येऊन पाहतात तर सगळीकडे हिरवंगार.

"बाई, इटली पुसली तुनं!"

"पुसली त पुसली. तुही इटली तुले सांजच्याले भाकर वाढते का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा चुना, पुन्हा नीळ. आणि दर वेळी किनारा थोडा वेगळा. मी म्हटलं, "काकाजी, मागच्या टायमाले हा पाय लांब होता." तर म्हणाले, "मागच्या टायमाले घाईत काढला होता." जसा काही देवाने तो त्यांनाच विचारून काढला.

हे वेड त्यांना लागलं संत्र्यापायी. बागेला फवारणी सांगायला आलेल्या एका साहेबाने बोलता बोलता सांगितलं की त्या समुद्राच्या काठाने शेकडो वर्षांच्या संत्र्यालिंबाच्या बागा आहेत, आणि बागांच्या शेजारी दोन-दोन हजार वर्षांची पडकी शहरं. साहेब चहा पिऊन गेला. काकाजींनी मात्र सहल आखायला घेतली. मग त्यात नेपल्स आलं, अथेन्स आलं, सिसिली नावाचं बेट आलं. कोणत्या गावी किती वाजता पोचायचं, कुठे जेवायचं, पडक्या देवळात किती वेळ बसायचं, सगळं ठरलेलं. ठरलेलं नव्हतं ते एकच, निघायचं कधी.

मृगाचा बहार घ्यायचा असला की उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड मेलंसं वाटतं, आणि मग पाणी मिळालं की अंगभर फुलतं. बाग ताणावर असली की मालक रिकामा, म्हणून सहल उन्हाळ्यातच. पण उन्हाळे जात आणि काकाजी ओसरीवरच. मी एकदा तोंडावर विचारलं, "काकाजी, नीळ सरून राहिली, जाता कधी?"

"मी सोताले ताण देऊन राहिलो, सूनबाई. ताण भरला का मंग पाह्य."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "इतकी वर्सं ताण देल्ला त झाड सरपनाले जाते बाप्पा."

तयारी मात्र जोरात असे. जहाज हलतं असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून ते बंगईवर बसून जेवायला लागले. बंगई म्हणजे घरातला लाकडी झोपाळा. मांडीवर ताट, आणि झोका आत्याबाईंनी द्यायचा. तोही आडवा, कारण समुद्र आडवा हलवतो. पहिल्या दिवशी वरण भिंतीवर गेलं, दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या लुगड्यावर. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी असा झोका दिला की ताट एकीकडे आणि काकाजी दुसरीकडे. "बुडलं तुह्यं जहाज," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग पडकं पाहायची सवय. अमरावतीला जुन्या गावाभोवती दगडी परकोट आहे. भर दुपारी छत्री घेऊन तिथे जायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. लोकांना वाटायचं भिंतीत साप शिरला. माणसं जमायची, कुणी काठी आणायचा. काकाजी म्हणत, "काही नाही, पाहून राहिलो."

"काय पाहून राहिले?"

"जुनं."

घामाने निथळत परत येत आणि मला सांगत, "पडकं पाह्याले लय दम लागते, सूनबाई. नवं त कोनीही पाह्यते."

इटलीत शेवया तिखट खातात असं कळल्यावर त्यांनी माझ्याकडून टमाट्याच्या रश्शात शेवया करवून घेतल्या. दोन घास खाल्ले आणि ताट गायीपुढे ठेवलं. गाय वास घेऊन मागे सरली. "तिथं गेल्यावर भूकच लागन तशी," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

मला त्यांचं कौतुक वगैरे नव्हतं. पण एक सांगते, माणूस खोटं बोलत नसे. संत्रं आंबट निघालं असेल तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी सांगे की आंबट आहे. आत्याबाई कपाळ बडवून घेत. पुढचा सगळा घोटाळा या खरेपणामुळेच झाला. लबाड माणूस असता तर त्याला काहीच जड गेलं नसतं.

समोर एक वकील राहत. दोघे लहानपणचे सोबती, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून भांडायचे. वकिलांची मिशी बघण्यासारखी होती. काळीभोर, दोन्ही टोकं वर चढवलेली. कोर्टात अर्धा खटला मिशीच चालवते असं लोक म्हणत. एका संध्याकाळी वकील ओसरीवरच्या समुद्राकडे बघून म्हणाले, "तू काही हे पाह्यत नाही लेका. तू बडनेऱ्याच्या पुढं जात नाही."

बडनेरा म्हणजे आमचं जंक्शन. अमरावतीहून छोटी गाडी बडनेऱ्याला जाते आणि तिथून मुंबईची गाडी धरायची.

"गेलो त?"

"गेला अन् पाहून आला त मिशी उतरवतो. चौकात, न्हाव्यापुढं बसून."

हे अख्ख्या गल्लीने ऐकलं. त्या दिवसापासून सहल ही सहल राहिली नाही. न गेले तर काकाजींचं नाव जाणार होतं, गेले तर वकिलांची मिशी.

त्यानंतर आम्ही अकोल्याला गेलो. आमचे हे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते, त्यांना तिकडच्या जिनात चांगलं काम मिळालं. आणि आम्ही गेलो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काकाजींनी खरंच पासपोर्ट काढला, जहाजाचं तिकीट काढलं. मराठी राज्य झालं त्याच सुमाराची गोष्ट.

आता आत्याबाईंचं सुरू झालं. मुहूर्त पाहिजे. मुहूर्त निघाला अक्षय तृतीयेचा आणि जहाज मुंबईहून सुटणार त्यानंतर दहा दिवसांनी. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. मुहूर्ताच्या दिवशी सुपारी, तांदूळ, एखादं धोतर यांचं गाठोडं बांधायचं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस निघाला असं धरायचं. मग सोयीच्या दिवशी ते गाठोडं उचलून पुढे जायचं. मात्र एकदा ठेवलेलं प्रस्थान प्रवास केल्याशिवाय घरात परत आणत नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, गाठोडं वकिलाकडे ठेव. काकाजी म्हणाले, "गाठोडं काहून? गाठोड्याले काय समजते? मीच जातो."

त्यांनी स्वतःलाच प्रस्थान ठेवायचं ठरवलं. आणि ठेवायचं कुठे, तर आमच्याकडे.

अक्षय तृतीयेच्या दिवशी मी अंगणात कुरडया घालत होते. दारात टांगा थांबला. त्यातून गळ्यात मोगऱ्याचे हार, कपाळभर गुलाल असे काकाजी उतरले. मागून ट्रंक, वळकटी आणि छत्री. मला वाटलं म्हातारपणी यांचं लग्न लावून दिलं कुणी.

"काकाजी, हे काय?"

"प्रस्थान."

"कोनाचं?"

"माह्यं. बँड लावून वाटे लावलं गल्लीनं. जहाज दहा दिवसांनी हाय. तवरिक मी तुह्या घरी ठेवलेला हावो."

मी म्हटलं, "गाठोडं कोपऱ्यात पडून राहते, काकाजी. तुमाले दोन टाइम जेवाले लागन."

"लागन," ते म्हणाले आणि आत येऊन कोपऱ्यातच बसले.

आठव्या दिवशी मुंबईहून तार आली. जहाज दुरुस्तीला गेलं आहे, आता पावसाळा संपल्यावर सुटेल. पावसाळ्यानंतर बागेत फळ असतं, तेव्हा मालकाला हलता येत नाही. काकाजी ट्रंकेवर बसले. मग म्हणाले, "आता?"

आमचे हे म्हणाले, "आता काय, घरी जा. जहाज बिघडलं, त्याले तुमी काय करान?"

"घरी कसा जाऊ? ठेवलेलं प्रस्थान परत नेत नाहीत. बाई उंबऱ्याच्या आत घेत नाही मले. अन् वकील? बडनेऱ्याच्या पुढं जात नाही म्हने. गेलो त अकोल्यापर्यंत! त्याच्यापरीस बडनेऱ्यावरून परत गेलेलं बरं."

शेवटी त्यांनी ठरवलं ते असं. आषाढाच्या आत येतो असं सांगून आले होते. तोवर आमच्याकडे राहायचं, ठरल्या दिवशी परत जायचं आणि जे आहे ते सगळ्यांना सांगून टाकायचं. "हसाचं तवा हसा. पन तवरिक दोन महिने तरी माह्यं नाव राहू द्या," म्हणाले. मला ते काही पटलं नाही. पण घरात आलेल्या माणसाला उन्हात काढायचं कसं?

अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढला त्यालाच माहीत. आमच्या डोक्यावर टिनं, खोल्या दोन. काकाजींना बाहेर पडायची सोय नाही, कारण लग्नसराईत अर्धी अमरावती अकोल्याला येते. ते मागच्या अंधाऱ्या खोलीत वाळ्याच्या ताटीआड बसून असत. मी ताटीवर पाणी मारायची. कार्यक्रम मात्र त्यांनी सोडला नाही. सकाळी उठून सांगायचे, "आज नेपल्स."

"नेपल्सले ठेचा-भाकर चालते का?"

"चालते."

एकदा म्हणाले, आज तीन ते पाच पडकं शहर. मी म्हटलं, "हे पाह्या मंग," आणि त्यांना माझी चूल दाखवली. तिची एक बाजू ढासळली होती. त्यांनी खरंच दोन तास बसून ती मातीने लिंपून दिली. तेव्हा मला कळलं की याला नुसतं बसवून ठेवणं मूर्खपणा आहे. मग मी चिंचेचं पोतं पुढे ओढलं. अथेन्सपासून सिसिलीपर्यंत त्यांनी माझी वर्षाची चिंच फोडून दिली. वरून म्हणत, "समुद्राची हवा लागून राहिली, सूनबाई." हवा कुठली, ताटीचं पाणी अंगावर उडत होतं.

ज्येष्ठ लागला आणि एका दुपारी दारात वकील उभे. अकोल्याला कुणाच्या तरी लग्नाला आले होते. काकाजींना पळायला दुसरी जागा नव्हती, ते न्हाणीत शिरले. न्हाणी आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता बांबूचा तट्ट्या. मी वकिलांना पन्हं दिलं. ते हातात धरून बसले, पिईनात.

"कुठी असन हो आता तो?" मला म्हणाले.

"मले काय माहीत, वकीलसाहेब. असन पान्याजवळच कुठी तरी."

न्हाणीतल्या रांजणावर तांब्या वाजला. मी जोरात खोकले.

वकील म्हणाले, "मीच डिवचला त्याले. नाही त कायले जाते तो? सांजच्याले ओट्यावर बसतो अन् करमत नाही. भांडाले कोनी नाही. जेवन पचत नाही वहिनी, खरं सांगतो." मग पन्हं प्याले, मिशी पुसली, आणि उठताना म्हणाले, "सुखरूप आला पाह्यजे लेकाचा."

ते गेल्यावर काकाजी न्हाणीतून बाहेर आले. धोतर भिजलेलं. त्या दिवशी चिंचेलाही हात लावला नाही.

ठरल्या दिवशी ते निघाले आणि मलाही सोबत घेतलं. "बाईपुढं एकटा जाऊन सांगाची माही हिंमत नाही. तू मंधात उभी राह्यजो." गाडीत मी बायकांच्या डब्यात बसले, ते पुरुषांच्या. बडनेऱ्याला गाडी बदलताना पाहिलं तर तोंडातल्या तोंडात पाठ करत होते. "भाऊ हो, मी गेलो नाही. भाऊ हो, मी गेलोच नाही."

अमरावती स्टेशनावर बँड. आत्याबाई आरती घेऊन. गल्ली सगळी. काकाजी उतरले, हात वर करून बँड थांबवला. म्हणाले, "भाऊ हो..."

आणि गर्दीतून वकील पुढे आले. मी त्यांना ओळखलंच नाही. नाकाखाली काहीच नव्हतं. वरचा ओठ नवा, पांढरा, पोराटोरांसारखा. सकाळीच चौकात न्हाव्यापुढे बसून त्यांनी मिशी उतरवली होती. दिलेला शब्द माणूस दारात यायच्या आत पुरा करायचा, हा त्यांचा हट्ट. त्यांनी काकाजींना मिठी मारली आणि म्हणाले, "मानलं लेका तुले!"

आता काकाजींनी बोलायचं कसं? मिशी तर गेली होती. खरं सांगावं तर वकील भरचौकात फुकट भादरले गेले असं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पत्र्याकडे पाहिलं. बँड पुन्हा सुरू झाला.

दोन महिने उन्हात न गेल्यामुळे काकाजी चांगले उजळले होते. बायका म्हणाल्या, पाहा, तिकडच्या हवेनं कसा गोरा झाला. मला कुणी विचारलं, तुम्ही कशा सोबत? मी म्हटलं, बडनेऱ्याला गाडी बदलताना दिसले. ते खरंच होतं.

काशी करून आलं की मावंदं घालतात, गंगेची पूजा करून गाव जेवू घालतात. आत्याबाईंनी भूमध्याचंही मावंदं मांडलं. पाटावर कलश ठेवला आणि म्हणाल्या, "आन तुह्या समुद्राचं पानी." काकाजी स्वयंपाकघरात आले, तिथे मी पुरण वाटत होते.

"सूनबाई, मीठ कुठी हाय?"

मी बरणी दाखवली. ते तांब्यातल्या पाण्यात चिमटीने टाकायला लागले. मी म्हटलं, "मूठभर टाका काकाजी. चिमटीनं समुद्र होत नाही."

सगळ्या गल्लीने ते तीर्थ घेतलं आणि तोंडं वाकडी केली. "खारट हाय बाप्पा, समुद्राचंच हाय." काकाजींना प्रवासाचं विचारलं तर "चांगलं हाय," "लय जुनं हाय," एवढंच बोलायचे. लोकांना वाटलं थकले. त्या पंगतीत त्यांच्या पानातली पुरणपोळी तशीच पडून होती, हे मी वाढताना पाहिलं.

वकिलांची मिशी परत आली, पण पांढरीफेक. गेली होती तेव्हा काळी. कोर्टात लोक त्यांना बाबाजी म्हणायला लागले. अकोल्याला आले की काकाजी माझ्यापुढे तेच काढून बसत. "मी एका मानसाची काळी मिशी खोट्यापायी घेतली, सूनबाई. ती माह्या अंगावर हाय."

मी म्हटलं, "त जाऊन या ना खरंच. मंग खोटं राहत नाही."

मी हे चिडून म्हटलं होतं. दर वेळी तेच ऐकून माझं डोकं उठलं होतं. पण त्यांनी ते धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गल्लीला म्हणाले, सूनबाईकडे अकोल्याला आरामाला जातो. मुहूर्त नाही, बँड नाही. निघाले ते अमावास्येला. आत्याबाई म्हणाल्या, "अकोल्याले जाले कायले पाह्यजे मुहूर्त?" आमच्याकडे आले, पाणी प्याले, लिहून ठेवलेल्या पोस्टकार्डांचा गठ्ठा ह्यांच्या हातात दिला, आणि गेले मुंबईला. तिथून जहाजाने थेट पलीकडे. आम्ही दर आठवड्याला एक कार्ड अमरावतीला टाकायचो. "इथे ऊन फार आहे. तब्येत ठीक. सूनबाई चांगलं खाऊ घालते." ह्यांनी गठ्ठा खाली पाडला आणि कार्डं उलटसुलट झाली. एकाच महिन्यात काकाजींचा पाय दोनदा मुरगळला आणि बरं वाटायला लागलं ते मुरगळायच्या आधीच. आत्याबाईंना वकील वाचून दाखवत. त्यांना संशय आला नाही, उन्हाने डोकं फिरलं असेल म्हणाले.

ज्येष्ठात काकाजी परत आले ते काळेकुट्ट होऊन. अर्धे झाले होते. आमच्याकडे तीन दिवस राहिले आणि तीन दिवस बोलत होते. ऐकायला मीच. मी आपली गहू निवडत होते.

ठरवलेलं एकही वेळापत्रक जुळलं नव्हतं. नेपल्सला पोचायचं सकाळी, पोचले संध्याकाळी. मोठ्या पडक्या देवळात चार तास बसायचं होतं, तिथे अंजिराच्या झाडाखाली झोप लागली. जाग आली तर एक म्हातारी पाण्याचा लोटा घेऊन उभी आणि तिच्या भाषेत तोंडाचा पट्टा चालू. "मी सगळं समजलो, सूनबाई. बाई अशीच बोलते. उन्हात काहून मराले बसला म्हने." त्यांनी तिला आपल्या भाषेत उत्तर दिलं, तिलाही समजलं.

एका शहरात रस्त्याने दुतर्फा संत्र्याची झाडं, वर उरलीसुरली फळं, आणि कुणी तोडत नाही. काकाजींचा जीव कळवळला. एक तोडून सोललं आणि खाल्लं. "कडू जहर! नुसती शोभेले लावली. इतकं चांगलं झाड अन् शोभेले!" त्याचा राग त्यांना तीन दिवसांनंतरही होता.

आणि राखेत पुरलेलं एक शहर पाहिलं. त्यात खाणावळीचा ओटा होता, ओट्यात रांजण बसवलेले. हे मला जरा बरं वाटलं. मी विचारलं, "दळाचं कसं? जातं होतं का?"

"होतं. मानसापरीस मोठं. गाढवं ओढत."

"बायका नाही?"

"गाढवंच दिसले बाप्पा चित्रात."

मी म्हटलं, "मंग पुढारलेले होते."

जाताना म्हणाले, "आता मी वकिलाले सांगतो. मोकळं झालं सगळं." मी म्हटलं, बघा बुवा. गल्लीत पोचले तर लोक म्हणाले, "अकोल्याचं ऊन लय बेकार, काकाजी पार जळून आले."

सांगायला त्यांना आश्विन उजाडला. मी अंबादेवीच्या नवरात्रात अमरावतीला गेले होते, म्हणून समोरच होते. संध्याकाळी वकील ओट्यावर आले. काकाजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. प्रस्थान, जहाज, चिंच, न्हाणी, मीठ, आणि मग यंदाचं जाणं. आत्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. वकील पांढऱ्या मिशीवरून नुसता हात फिरवत होते.

मग म्हणाले, "झालं तुह्यं?"

"झालं."

"आता माह्यं ऐक. मागच्या साली तू गेल्ता. मी म्हनतो गेल्ता. भरचौकात मिशी देल्ली मी त्याच्यावर. औंदा तू अकोल्याले होता, माह्याजवळ कार्डं हायेत."

"अरे, पन मी खरं सांगून राहिलो..."

"खरं तू सांगू नको. मागच्या साली नाही गेला म्हनतं त मी काय येडा म्हनून भादरलो? माही मिशी खऱ्यासाठी उतरली. तिले आता खोट्यात ओढू नको लेका. पाया पडतो तुह्या."

मी वकिलांकडे नीट पाहिलं. त्यांना सगळं पटलेलं होतं. पटलं होतं म्हणूनच ते पाया पडत होते.

काकाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "मावंदं एकदाच होते बाप्पा. दुसऱ्यांदा कोन घालते?" आणि आत गेल्या.

झालं, मिटलं. काकाजींनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर कुणी प्रवासाचं विचारलं की ते भडाभडा बोलायला लागले. म्हातारी, कडू संत्रं, गाढवाचं जातं, सगळं. फक्त सांगायचे ते मागच्या सालचं म्हणून. ऐकणारे म्हणत, तेव्हा आल्या आल्या तर काही बोलले नव्हते, आता कसं आठवतं? वकील शेजारून म्हणत, "मुरलं आता. लोनचं मुराले टाइम लागते."

वर्षं गेली. साठचं दशक सरता सरता काकाजी वारले. तेराव्याला आम्ही दोघं अकोल्याहून गेलो. जेवायच्या आधी वकील दोन शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, हा माणूस भूमध्य समुद्र पाहून आलेला आमच्या गल्लीतला पहिला माणूस. मग कोणत्या साली गेले, कोणत्या तिथीला निघाले, कोणत्या दिवशी परत आले ते घडाघडा सांगितलं. कोर्टात सांगावं तसं. एकाही तारखेला अडखळले नाहीत.

त्यांतली एकही तारीख खरी नव्हती. माझ्या शेजारच्या बाईने मला विचारलं, "हो का वो, खरंच गेल्ते का ते?"

"गेल्ते," मी म्हटलं. तेवढं खरं होतं आणि तेवढंच तिने विचारलं होतं. साल तिने विचारलं नाही, आणि तेवढ्यात पानं मांडायला लागले.